डायलिसिसच्या आधीची वर्षं

आपल्याकडे किडनीच्या आजाराविषयीचं सार्वजनिक बोलणं डायलिसिसपासून सुरू होतं. तालुक्याच्या रुग्णालयात यंत्रं किती आली, खाटा किती वाढल्या, नंबर लागायला किती दिवस जातात, याचीच चर्चा होते. २०१६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून डायलिसिसचा खर्च भागतो. ही दोन्ही पावलं हजारो घरांना तगवणारी आहेत. घरातल्या कमावत्या माणसाला आठवड्यातून दोन-तीनदा एसटीने नेऊन चार-चार तास यंत्रावर ठेवावं लागतं, त्या घराला डायलिसिसचं केंद्र जवळ असण्याचं मोल कुणी समजावून सांगायला नको.

पण डायलिसिस हा आजाराचा शेवटचा टप्पा आहे. त्याआधी हा आजार बहुतेकांच्या शरीरात कित्येक वर्षं मुक्काम ठोकून असतो, आणि त्या वर्षांत आपली आरोग्यव्यवस्था, आपली तपासणी शिबिरं, आपली घरं त्याच्याकडे पाहतही नाहीत. शेवटी ज्या खर्चाला सरकार आणि कुटुंब दोघंही तयार होतात, त्याच्या शतांशात होणारी एक तपासणी आधी होत नाही. ती तपासणी लघवीची आहे. ती न करणं हा आजच्या काळातला अक्षम्य हलगर्जीपणा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

हे कळण्यासाठी किडनी कुठे बिघडते ते आधी पाहायला हवं. किडनीत रक्त प्रत्यक्ष गाळलं जातं ते ग्लोमेरुलसमध्ये. केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचा हा एक गुच्छ असतो, मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याएवढा. एका किडनीत असे सरासरी दहा लाख गुच्छ असतात. हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचा जवळजवळ पाचवा भाग दर मिनिटाला दोन्ही किडन्यांकडे वळतो. दिवसभरात या गुच्छांमधून सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो आणि पुढच्या नलिका त्यातला दीड-दोन लिटर वगळून बाकी सगळा रक्तात परत घेतात. नको ते बाहेर टाकण्याइतकंच हवं ते अडवून धरणंही इथे महत्त्वाचं असतं, आणि सगळ्यात कसून अडवायची असतात ती रक्तातली प्रथिनं, मुख्यतः अल्ब्युमिन.

अडवणारी भिंत तीन थरांची असते. आतून रक्तवाहिनीचं सच्छिद्र अस्तर, मध्ये एक पातळ पटल आणि बाहेरून पोडोसाइट नावाच्या पेशी. या पेशींच्या टोकांच्या शाखा दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंफावीत तशा एकमेकींत गुंफलेल्या असतात आणि त्यांच्यामधल्या फटींत प्रथिनांचाच एक बारीक पडदा ताणलेला असतो. फिनलंडमध्ये काही बाळांना जन्मापासून अंगभर सूज येते आणि त्यांच्या लघवीतून प्रथिन अक्षरशः वाहून जातं. १९९८ साली कार्ल ट्रिग्वासन यांच्या गटाने या बाळांमधलं बिघडलेलं जनुक शोधलं. त्या जनुकापासून बनणारं नेफ्रिन हे प्रथिन नेमकं त्या फटीतल्या पडद्यात असतं. एका प्रथिनाचा धागा निसटला की सगळी भिंत झिरपू लागते, हे त्या शोधाने पुढे ठेवलं. आणखी एक गोष्ट त्याहून गंभीर आहे. पोडोसाइट पेशी मेल्या तर त्यांच्या जागी नव्या जवळजवळ येत नाहीत. त्वचा भरून येते, यकृत भरून येतं. किडनीतला एकदा मेलेला गुच्छ मेलेलाच राहतो.

या गुच्छांना होणारे आजार अनेक आहेत. लहान मुलांच्या डोळ्यांभोवती सकाळी सूज आणणारा मिनिमल चेंज आजार. तरुण वयात लघवीतून रक्त आणि प्रथिन घालवणारा आयजीए नेफ्रोपथी, ज्याचं पहिलं वर्णन पॅरिसमध्ये जां बेर्जे यांनी १९६८ मध्ये केलं. मधल्या पटलावर प्रतिपिंडांचे थर साचवणारा मेम्ब्रेनस. विशी-तिशीतल्या बायकांना जास्त गाठणारा ल्युपस. आणि या सगळ्यांहून कितीतरी जास्त माणसांना होणारा मधुमेहाचा किडनीविकार, जो मुळात याच गुच्छांचा आजार आहे, हे अनेक मधुमेही पेशंटना कुणी सांगितलेलंच नसतं. कारणं वेगळी, औषधं वेगळी, पण पहिली खूण जवळपास सगळ्यांची एकच: लघवीत प्रथिन, कधी सोबत रक्त. दुखत काही नाही. सुरुवातीला थकवाही नाही.

ही खूण ओळखायला नवं विज्ञान लागत नाही. लघवीवर टिकणारे बुडबुडे दिसले तर किडनीचा दीर्घ आजार समजावा, असं हिपोक्रॅटिसच्या नावावर असलेल्या सूत्रांमध्ये लिहिलेलं आहे. १८२७ मध्ये लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधले रिचर्ड ब्राइट अंगावर सूज आलेल्या पेशंटची लघवी चमच्यात घेऊन मेणबत्तीवर धरत. तापवल्यावर ती अंड्याच्या पांढऱ्यासारखी गोठली की ते समजत, प्रथिन जातंय. त्यातले पेशंट दगावले की ते शवविच्छेदन करून किडन्या पाहत आणि दोन्ही गोष्टींची सांगड घालत. सूज, लघवीतलं प्रथिन आणि खराब झालेली किडनी ही एकाच आजाराची तीन अंगं आहेत, हे त्यांनी सिद्ध केलं. पुढे शंभर वर्षं या आजारांना ब्राइटचा आजार असंच म्हटलं गेलं. ब्राइट यांच्या हाती निदान होतं, उपचार मात्र रक्त काढणं आणि जुलाब देणं एवढेच होते. आज उपचार हातात आहेत. चमचा तेवढा आपण खाली ठेवला.

तो का ठेवला, याची कारणं आपल्या समजुतींमध्ये आहेत. मराठी घरात किडनीचा आजार म्हटला की डोळ्यांसमोर येतो मुतखडा. मुतखडा दुखतो, माणूस लोळण घेतो, सोनोग्राफी होते आणि सगळे सांगतात, पाणी भरपूर पी. त्यातून एक पक्कं समीकरण तयार झालंय: किडनी म्हणजे दुखणं आणि उपाय म्हणजे पाणी. गुच्छांच्या आजारात दोन्ही लागू पडत नाहीत. इथे कंबर दुखत नाही. ज्याच्या अंगावर सूज आहे, त्याने तांब्या-तांब्याने पाणी पिऊन किडनी ‘धुवायला’ घेतली तर सूज वाढते. पाय सुजले की बाई दिवसभर उभ्या असतात म्हणून, मुलाचे डोळे सुजले की झोप जास्त झाली म्हणून, लघवीला फेस आला की उष्णता झाली म्हणून. अशी कारणं सांगण्यात महिने निघून जातात.

दुसरं कारण डॉक्टरी व्यवहारातलं आहे. किडनी तपासायची म्हणजे रक्तातलं क्रिएटिनिन पाहायचं, अशी सवय लागली आहे. क्रिएटिनिन उपयोगी आहे, पण ते उशिरा बोलतं. गाळण्याची क्षमता जवळपास निम्मी गेली तरी अनेकांचं क्रिएटिनिन छापील मर्यादेच्या आत असतं, कारण उरलेले गुच्छ जास्तीचं काम अंगावर घेतात. म्हाताऱ्या, बारीक, स्नायू कमी असलेल्या माणसांत तर ते आणखी फसवतं. पेशंट रिपोर्ट हातात घेऊन खूश होतो, ‘किडनी नॉर्मल आहे’. त्याच दिवशी त्याच्या लघवीत अल्ब्युमिन जात असेल, पण ते कुणी मोजलेलंच नसतं.

उरलेले गुच्छ जास्तीचं काम घेतात, हे वाक्य मला पुन्हा उलगडून सांगावंसं वाटतं, कारण सगळा युक्तिवाद त्यावर उभा आहे. १९८२ मध्ये बॅरी ब्रेनर यांनी मांडलं की काही गुच्छ मेले की उरलेल्यांमधला रक्तदाब आणि प्रवाह वाढतो. त्या वाढत्या दाबानेच ते झिजतात, मग आणखी मरतात, आणि उरलेल्यांवर आणखी ताण पडतो. म्हणजे मूळ कारण थांबलं तरी ऱ्हास आपल्या पायांनी चालत राहू शकतो. त्या काळात हे ऐकणाऱ्याला निराशच वाटलं असतं. पण ताण हेच कारण असेल तर ताण उतरवणारं औषध उपयोगी पडायला हवं, हा त्याचा दुसरा अर्थ होता आणि तो खरा ठरला. ब्राझीलमधल्या जराराका सापाच्या विषावरच्या संशोधनातून कॅप्टोप्रिल हे बीपीचं औषध जन्माला आलं होतं. ते गुच्छातून बाहेर पडणारी रक्तवाहिनी सैल करतं आणि आतला दाब उतरवतं. १९९३ मध्ये एडमंड लुईस आणि सहकाऱ्यांनी ४०९ मधुमेही पेशंटवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. कॅप्टोप्रिल घेणाऱ्यांमध्ये मृत्यू, डायलिसिस किंवा प्रत्यारोपणापर्यंत जाण्याचा धोका निम्म्याने घटला होता.

नंतर आली मूळ साखरेसाठी बनवलेली ग्लिफ्लोझिन औषधं. २०१९ च्या क्रेडेन्स अभ्यासात मधुमेही किडनी पेशंटमध्ये त्यांचा फायदा दिसला. त्यांपैकीच डापाग्लिफ्लोझिनच्या २०२० च्या डापा-सीकेडी अभ्यासात ४,३०४ पेशंट होते, त्यात मधुमेह नसलेलेही होते, आणि किडनीचा ऱ्हास, डायलिसिस किंवा किडनी वा हृदयविकाराने होणारा मृत्यू यांचा एकत्रित धोका ३९ टक्क्यांनी कमी झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये डापाग्लिफ्लोझिनचं भारतातलं मूळ पेटंट संपलं, अनेक कंपन्यांनी ते बनवायला घेतलं आणि किंमत भराभर उतरली. म्हणजे ज्या औषधाने डायलिसिस लांबतं, ते आज तालुक्याच्या मेडिकलमध्ये मिळतं आणि ते घेणं रोजंदारीच्या घरालाही अगदी अशक्य नाही. परिस्थिती बदलली ती इथे. पूर्वी लघवीत प्रथिन सापडलं तरी पुढे काय करायचं हा प्रश्न होता. आज सापडलं तर करण्यासारखं पुष्कळ आहे. म्हणून न शोधण्याला आता सबब उरलेली नाही.

आपल्या प्रदेशाला हे जास्त लागू आहे, असं मानायला कारण आहे. गर्भात नवे गुच्छ तयार होणं साधारण ३६ व्या आठवड्याला थांबतं. त्यानंतर आयुष्यभर एकही नवा बनत नाही. त्यातले निम्म्याहून जास्त शेवटच्या तीन महिन्यांत बनतात. आईच्या पोटात पुरेसं पोषण न मिळालेलं किंवा दिवस भरण्याआधी जन्मलेलं बाळ कमी गुच्छ घेऊन येतं. सरासरी दहा लाख म्हणतो, पण माणसामाणसांत हा आकडा कित्येक पटींनी बदलतो. २००३ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी अपघातात मरण पावलेल्या माणसांच्या किडन्यांतले गुच्छ मोजले. ज्यांना उच्च रक्तदाब होता त्यांच्या एका किडनीत सुमारे सात लाख, ज्यांना नव्हता त्यांच्यात सुमारे चौदा लाख. अभ्यास अवघ्या वीस जणांचा होता, त्यामुळे त्यावर फार मोठी इमारत उभारू नये. पण दिशा कळते.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या आया आणि मुलांचा अभ्यास करत आहेत. तिथल्या बाळांचं जन्माचं सरासरी वजन सुमारे २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचं सुमारे साडेतीन. त्या अभ्यासाचा रोख मधुमेहावर आहे, गुच्छ त्यात कुणी मोजलेले नाहीत. तरी दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहण्याचं धाडस मी करतो. शेतात वाकून काम करणारी, शेवटी जेवणारी, अंगात रक्त कमी असलेली आई. तिचं अडीच किलोचं बाळ. ते चाळिशीत मधुमेही होतं तेव्हा त्याच्याकडे आधीच कमी गुच्छ आणि त्यावर साखरेचा मारा. किडनीचा आजार आपल्याकडे बायकांच्या ताटापासून सुरू होतो असं म्हटलं तर मला ते अतिशयोक्त वाटत नाही. आणि तो संपतो तेव्हाही बाईच पुढे असते. आपल्या देशात जिवंतपणी किडनी देणाऱ्यांमध्ये बहुसंख्या आया आणि बायकांची आहे.

काही आजार मात्र आपण बाजारातून विकत आणतो. २०२३ मध्ये अकोल्यातल्या एका कुटुंबात आई आणि मुलींच्या किडन्या बिघडल्याचं प्रकरण बातम्यांमधून पुढे आलं. शोध लागला तो गोरं करणाऱ्या क्रीममधल्या पाऱ्यापर्यंत. त्याच सुमाराला केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यातल्या कोट्टक्कलच्या डॉक्टरांनी अशाच क्रीम वापरणाऱ्यांमध्ये मेम्ब्रेनस आजाराचे पेशंट लागोपाठ सापडल्याचं नोंदवलं. पारा त्वचेचा रंग बनवणारी प्रक्रिया अडवतो, म्हणून चेहरा काही आठवड्यांत उजळतो. तोच पारा त्वचेतून रक्तात उतरतो आणि गुच्छाच्या पटलावर प्रतिपिंडांचा हल्ला ओढवून घेतो. यात नवं काही नाही, म्हणून तर संताप येतो. १९७२ मध्येच नैरोबीच्या डॉक्टरांनी अंगावर सूज घेऊन येणाऱ्या बायकांमध्ये गोरेपणाच्या पारायुक्त क्रीमचा संबंध दाखवून दिला होता. पन्नास वर्षांनी तीच गोष्ट अकोल्यात घडते.

वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधल्या डॉक्टरांनी २०२२ मध्ये याच जातीच्या मेम्ब्रेनस आजाराचा संबंध पारा असलेल्या पारंपरिक औषधांशीही दाखवला. ही बाब नाजूक आहे आणि तिच्यावरून लगेच आयुर्वेदाविरुद्ध अ‍ॅलोपॅथी असा सामना रंगवला जातो. मला त्यात रस नाही. कुठल्याही पॅथीचं औषध असो, त्यात काय आहे हे लेबलवर हवं, ते प्रयोगशाळेत तपासलेलं हवं आणि ते घेणाऱ्याची लघवी अधूनमधून तपासली जायला हवी. पुडीत बांधून दिलेलं भस्म आणि नाव नसलेल्या डबीतली क्रीम, दोन्ही या कसोटीला उतरत नाहीत. समाधानाची गोष्ट अशी की पाऱ्याचा स्रोत बंद केला की यातले बहुतेक पेशंट सुधारतात, अनेकदा जालीम औषधांशिवाय. पण त्यासाठी डॉक्टरने विचारायला हवं आणि पेशंटने न लाजता सांगायला हवं. मुली क्रीमचं सांगत नाहीत, कारण सावळेपणा लपवायचा असतो. मोठी माणसं भस्माचं सांगत नाहीत, कारण डॉक्टर रागावेल. भारताच्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार डोळ्यांभोवतीची प्रसाधनं वगळता पारा वापरायला बंदी आहे, नकळत मिसळलेला चालतो तोही दशलक्षात एका भागापर्यंतच. नियम आहे. ब्युटी पार्लरच्या कपाटापर्यंत आणि ऑनलाइन पार्सलपर्यंत तो पोचवणं अन्न व औषध प्रशासनाचं काम आहे.

आता मुलांकडे येतो. खरूज झाली, खाजवून जखमा झाल्या, त्यात स्ट्रेप्टोकॉकस जंतू वाढले, की तीन ते सहा आठवड्यांनी काही मुलांची लघवी चहाच्या रंगाची होते, तोंड सुजतं, बीपी चढतं. घशाच्या संसर्गानंतर हे एक ते तीन आठवड्यांत होतं. जंतू स्वतः किडनीत जात नाहीत. त्यांच्याशी लढताना शरीराने तयार केलेली संयुगं गुच्छात अडकतात. यातली बहुतेक मुलं पूर्ण बरी होतात. तरीही ऑस्ट्रेलियातल्या मूळनिवासी वस्त्यांमधल्या पाहणीत दिसलं की लहानपणी हा आजार झालेल्यांच्या लघवीत मोठेपणी अल्ब्युमिन जाण्याचं प्रमाण जास्त होतं. आश्रमशाळा, वसतिगृहं, ऊसतोड कामगारांच्या पालांमधली मुलं एकाच गोधडीत झोपतात, एकच टॉवेल वापरतात. तिथे खरजेला आपण किरकोळ समजतो. ती किरकोळ नाही.

शाळकरी मुलांच्या तपासणीसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये त्याची सुरुवात आपल्याच पालघरमधून झाली. त्यात तपासायच्या तीस गोष्टींची यादी आहे. त्वचेचे आजार आहेत, स्ट्रेप्टोकॉकसमुळे होणारा हृदयविकार आहे, सिकल सेल आहे. किडनी नाही. सिकल सेलच्या मुलांमध्येही या गुच्छांवर लहानपणापासून ताण येतो आणि पुढे लघवीत अल्ब्युमिन जाऊ लागतं. नंदुरबार आणि गडचिरोलीत ही मुलं मोठ्या संख्येने आहेत. डॉक्टरांचं पथक गाडी घेऊन शाळेत पोचतं, मूल समोर उभं असतं, वजन-उंची घेतली जाते, आणि काही रुपयांची लघवी तपासायची पट्टी मात्र त्या पेटीत नसते.

जपानने १९७४ पासून सगळ्या शाळकरी मुलांची लघवी दरवर्षी तपासायला सुरुवात केली. तैवान आणि कोरियाने तो कित्ता गिरवला. तिथे आयजीएसारखे आजार क्रिएटिनिन वाढायच्या कितीतरी आधी सापडतात. मग आपणही प्रत्येक मुलाची तपासणी करावी का? इथे मला थांबावंसं वाटतं. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञ संघटनेने २००७ मध्ये निरोगी मुलांची सरसकट लघवी तपासणं शिफारशींतून काढून टाकलं, आणि त्यामागचं कारण दमदार होतं. ताप, खेळ, नुसतं बराच वेळ उभं राहणं यांनीही मुलांच्या लघवीत तात्पुरतं प्रथिन उतरतं. हजार मुलांमागे बरीच पट्टीवर पॉझिटिव्ह येतात, दुसऱ्या तपासणीत त्यातली बहुतेक निरोगी निघतात, आणि मधल्या काळात आईबापांची झोप उडते. जपानकडे दुसरी, तिसरी तपासणी करायची यंत्रणा आहे. आपल्याकडे पॉझिटिव्ह आलेल्या मुलाला पुढे कुठे पाठवायचं हेच अनेक तालुक्यांत ठरलेलं नाही. तेव्हा सरसकट नको. पण जन्मतः कमी वजनाचं मूल, सिकल सेलचं मूल, खरजेची साथ आलेली आश्रमशाळा, सुजलेल्या डोळ्यांचं कुठलंही मूल, यांची लघवी पाहिलीच पाहिजे. ही निवड करायला मोठा खर्च लागत नाही, यादीत एक ओळ वाढवावी लागते.

मोठ्यांच्या बाबतीत मात्र माझ्या मनात असा संकोच नाही. ज्याला मधुमेह किंवा बीपी आहे, त्या प्रत्येकाची लघवी वर्षातून एकदा तपासली जायला हवी, आणि तीही नुसत्या पट्टीने नव्हे. पट्टीला थोडं प्रथिन कळत नाही. अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन यांचं लघवीतलं गुणोत्तर काढावं लागतं. ते एका ग्रॅममागे ३० मिलिग्रॅमच्या आत असायला हवं. तीसच्या वर आणि तीनशेच्या खाली असताना आजार पकडला तर उपचार लवकर सुरू करता येतात. आशाताई घरोघर जाऊन तिशीपुढच्या लोकांचे फॉर्म भरतात, पुढे त्यांची बीपी, साखर आणि तीन प्रकारच्या कॅन्सरसाठी तपासणी होते. साखर वाढलेली सापडते, गोळी सुरू होते आणि विषय तिथे मिटतो. त्या साखरेने गुच्छांचं काय केलं, हे विचारायची वेळ डायलिसिसच्या दारातच येते.

एक मर्यादा प्रामाणिकपणे सांगायला हवी. लघवीतलं प्रथिन सगळे किडनीविकार पकडत नाही. आंध्रातल्या उद्दानमच्या पट्ट्यात शेतकऱ्यांच्या किडन्या निकामी होतात. तो मुख्यतः नलिकांचा आजार आहे, त्यात प्रथिन फारसं जात नाही आणि अशा पेशंटला पट्टी खोटा दिलासा देऊ शकते. तिथे क्रिएटिनिनच पाहावं लागतं. म्हणून एक तपासणी दुसरीची जागा घेत नाही, दोन्ही हव्यात.

प्रथिन सापडल्यावर पुढचं पाऊल अनेकदा बायोप्सीचं असतं आणि तिथे आपली माणसं अडतात. ‘सुई टोचली की किडनी कायमची खराब होते’ ही भीती मी शिकलेल्या घरांतही ऐकली आहे. १९५१ मध्ये कोपनहेगनमध्ये इव्हर्सन आणि ब्रुन यांनी पाठीतून सुई घालून किडनीचा तुकडा काढण्याची पद्धत मांडली, आणि त्यानंतर जिवंत माणसाच्या गुच्छात काय चाललंय ते नियमितपणे दिसू लागलं. आज सोनोग्राफीच्या मदतीने ती होते. रक्तस्रावाचा धोका असतो, म्हणून पेशंटला काही तास झोपवून ठेवतात. पण गंभीर घटना विरळ. आणि बायोप्सीशिवाय मेम्ब्रेनस, आयजीए, ल्युपस यांना एकाच सुजेच्या नावाखाली एकच स्टिरॉइड देणं म्हणजे अंदाजाने चालणं. एकाला स्टिरॉइड जीवदान देतं, दुसऱ्याला नुसती साखर आणि जंतुसंसर्ग देतं. अडचण भीतीपुरती नाही. त्या तुकड्याची इम्युनोफ्लोरेसन्स आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळा मोठ्या शहरांत आहेत, जिल्ह्याच्या गावात बायोप्सी करणारा किडनीचा डॉक्टरच अनेकदा नसतो. सरकारी योजनेत डायलिसिसला जशी निश्चित जागा आहे, तशीच बायोप्सीला, त्या तपासण्यांना आणि नमुना शहरात पोचवण्याच्या व्यवस्थेला मिळाली, तर डायलिसिसवर जाणाऱ्यांची संख्याच घटेल.

मुलांच्या नेफ्रोटिक सिंड्रोमचं, म्हणजे लघवीतून खूप प्रथिन जाऊन अंग सुजण्याचं, उदाहरण यासाठी फार आशादायी आहे. प्रतिजैविकं आणि स्टिरॉइड येण्याआधी यातली अनेक मुलं जंतुसंसर्गाने दगावत. आज दहातली सुमारे आठ मुलं स्टिरॉइडला प्रतिसाद देतात, पण आजार पुन्हा उलटतो, म्हणून डॉक्टर आईला घरीच रोज सकाळी लघवी तपासायला शिकवतात. पट्टी बुडवायची किंवा परीक्षानळीत तापवायची, आणि वहीत तारखेपुढे शून्य, एक अधिक, दोन अधिक असं लिहायचं. चौथी-पाचवी शिकलेल्या आया ही वही वर्षानुवर्षं चोख ठेवतात. तीन दिवस लागोपाठ तीन अधिक आले की सूज यायच्या आत त्या मुलाला घेऊन दवाखान्यात हजर असतात. कुठल्याही यंत्रापेक्षा त्या वहीने जास्त किडन्या वाचवल्या असतील, असं मला मनापासून वाटतं. जे काम त्या आया चुलीशेजारी करू शकतात, ते आपली आरोग्यव्यवस्था उपकेंद्रात करू शकत नाही, हे मान्य करायला मी तयार नाही.

मे २०२५ मध्ये जागतिक आरोग्य सभेने किडनीच्या आरोग्याविषयी पहिल्यांदाच स्वतंत्र ठराव केला. ठरावाची अंमलबजावणी आपल्याकडे तीन ठिकाणी दिसायला हवी: आशाताईंच्या फॉर्मनंतर होणाऱ्या तपासण्यांत, बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत आणि जन आरोग्य योजनेच्या पॅकेजमध्ये. सरकारकडे हे मागायचंच आहे, पण तोवर हात बांधून बसण्याचं कारण नाही. तुम्हाला किंवा घरात कुणाला साखर असेल, बीपी असेल, आईवडिलांपैकी कुणी डायलिसिसवर गेलेलं असेल, तर पुढच्या वेळी रक्त द्यायला जाल तेव्हा लॅबमध्ये लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तरही काढायला सांगा. लघवीला टिकणारा फेस दिसत असेल, सकाळी डोळ्यांखाली सूज येत असेल, तर थांबू नका. डॉक्टरांनी क्रिएटिनिन ठीक आहे म्हटलं, तर लघवीत प्रथिन आहे का, हा दुसरा प्रश्न तिथेच विचारा आणि उत्तर लेखी घ्या.